कृषी महाविद्यालय निवडायचंय? आधी त्यांचं वावर बघून या

मानवत तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांनी विचारलंय. लेकीनं बारावी विज्ञान जीवशास्त्र घेऊन केली. एमएचटी-सीईटीत पर्सेंटाइल मध्यम पडलं. परभणीच्या महाविद्यालयात नंबर लागेल की नाही, भरवसा नाही. घराजवळचं एक खासगी महाविद्यालय म्हणतंय, "आत्ताच प्रवेश घेऊन टाका, हजेरीची काळजी करू नका, पोरगी पुण्यात क्लासला राहिली तरी चालेल." पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाचा माणूस तर घरी येऊन रंगीत पुस्तिका देऊन गेला. लेकीला एमपीएससी देऊन कृषी अधिकारी व्हायचंय. त्यांचा प्रश्न असा: "मॅडम, कुठं घालू लेकराला? आणि एवढं करून ॲग्रीत काही राम आहे का?"

दादा, राम आहे. पण तो कॉलेजच्या पाटीत नाही, म्हणून जरा लांबून सांगावं लागेल. तरी उत्तर आधीच देते. विद्यापीठाच्या घटक, म्हणजे स्वतःच्या, महाविद्यालयात कुठंही नंबर लागला, तर तिथं घाला. परभणीच पाहिजे असा हट्ट धरू नका. लातूर, अंबाजोगाई, बदनापूर, धाराशिव, गोळेगाव ही सगळी आपल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची महाविद्यालयं आहेत, अभ्यासक्रम एकच आणि पदवीही एकच. तिथं नाहीच लागला, तर विद्यापीठाशी संलग्न खासगी महाविद्यालय घ्या, पण आधी त्यांचं वावर स्वतः बघून या. आणि जे तुम्हाला "हजेरीची काळजी करू नका" म्हणाले, त्यांच्याकडं मुलीला अजिबात घालू नका, फी माफ करतो म्हणाले तरी.

मी वनस्पती रोगशास्त्र शिकवत आले. ग्रामीण कार्यानुभवाच्या मुलामुलींसोबत मराठवाड्यातली पुष्कळ गावं फिरले. चार वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडणारं लेकरू कसं निघणार, हे त्याच्या सीईटीच्या आकड्यावरून मला कधी सांगता आलं नाही. त्याच्या महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर, म्हणजे शेतावर, गेलं की मात्र पुष्कळसं कळतं. म्हणून मी पालकांना म्हणते, कॉलेज निवडू नका, प्रक्षेत्र निवडा.

प्रवेशाच्या फेऱ्या चालतात त्या पावसाळ्यात, हे आपलं नशीबच आहे. त्या दिवसांत खरीप उभं असतं आणि उभ्या पिकावर काही लपवता येत नाही. कार्यालयात जाऊन माहितीपुस्तिका मागण्याआधी सरळ शेतावर जा. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला वावर वाचता येतं. तिथं मात्र पिकाच्या उंचीपेक्षा प्रयोग बघा. प्रत्येक प्लॉटला पाटी आहे का? त्यावर वाण, पेरणीची तारीख, खताची मात्रा लिहिलीय का? एकच प्रक्रिया, म्हणजे तोच वाण किंवा तीच खताची मात्रा, तीन-चार ठिकाणी पुन्हा पुन्हा घेतलेली दिसते का? त्याला आम्ही पुनरावृत्ती म्हणतो, आणि ती नसेल तर ते प्रात्यक्षिक असेल, प्रयोग नव्हे. विद्यार्थ्यांचे स्वतःचे प्लॉट आहेत का, हे तर नक्की विचारा. पीक उत्पादनाच्या विषयात मुलांनी स्वतः पेरून, विरळणी करून, खुरपून, काढणी करून हिशोब मांडायचा असतो. त्या प्लॉटमध्ये तण माजलेलं असेल तर एक वेळ चालेल, मुलांचं आहे, शिकतील. पण प्लॉट स्वच्छ आहे आणि तिथं मजूरच खुरपताना दिसतायत, मुलांचा पत्ता नाही, तर समजून जा.

हवामान वेधशाळा बघा. पर्जन्यमापक आहे, पण गेल्या आठवड्याची नोंद आहे का? नोंदवही मागा. पावसाचा खंड कधी पडला, किती दिवसांचा, हे मराठवाड्यातल्या शेतीचं पहिलं पान आहे. ज्या महाविद्यालयाला स्वतःच्या शेतावर ऑगस्टमध्ये किती पाऊस झाला ते सांगता येत नाही, ते कोरडवाहू शेती काय शिकवणार?

मग विहीर बघा, शेततळं बघा, ठिबक चालू आहे की नुसत्या नळ्या पसरल्यात ते बघा. रोपवाटिका बघा. कलमं बांधलेली दिसली तर कुणी बांधली ते विचारा. जनावरांचा गोठा असतो, तिथं दूध कोण काढतं? प्रयोगशाळेत शिरलात तर सूक्ष्मदर्शकावरचं झाकण उचलून बघा. धूळ झाकणावर असेल तर काही नाही, भिंगावर असेल तर ते यंत्र नुसतं तपासणी समितीला दाखवायला आहे. माती परीक्षणाची प्रयोगशाळा असेल तर आजूबाजूच्या गावचे नमुने येतात का ते विचारा. येत असतील तर मुलांचे हात रोज चालतात.

शेवटी तिसऱ्या वर्षातली दोन-तीन मुलंमुली गाठा. पहिल्या वर्षातली नकोत, त्यांना अजून सगळं नवं आणि चांगलंच वाटत असतं. तिसऱ्या वर्षातल्यांना एवढंच विचारा: या आठवड्यात शेतावर कधी गेलात आणि काय केलं? एखादी पोरगी म्हणाली, "काल सोयाबीनमध्ये चक्री भुंग्यानं पोखरलेली झाडं मोजली, आज खोडमाशीसाठी खोडं चिरून बघायचीत," तर दादा, तिथं लेकीला खुशाल घाला. "प्रॅक्टिकलची वही वरच्या वर्गाकडून मिळते" असं उत्तर आलं, तर गाडी फिरवा.

हे सगळं मी इतकं ताणून का सांगतेय? कारण या विद्येचं तसंच आहे. तुरीचं झाड वाळलं. पुस्तकात "मर" लिहिलंय. पण वावरात झाड वाळायला मर लागते, मूळकुज लागते, पाणी साचलेलं असतं, कधी मुळं खाणारी हुमणी अळीही असते. मर ओळखायची तर खोड उभं चिरावं लागतं. आतून काळपट-तपकिरी रेषा दिसल्या तर बुरशीनं पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद केल्यात. वांझ रोगात झाड मरत नाही, हिरवं राहतं, पानं बारीक आणि फिकट होतात, पण फूल-शेंग धरत नाही. तो विषाणू एका अगदी बारीक कोळ्यामार्फत पसरतो, डोळ्यांना तो दिसायचाही नाही. दोन रोगांची नावं परीक्षेत सारख्याच गुणांना येतात, पण शेतकऱ्याला द्यायचा सल्ला पूर्ण वेगळा. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं बीडीएन-711 सारखा लवकर येणारा, मर आणि वांझ दोन्हींना टिकणारा वाण दिला, तो का महत्त्वाचा हे ज्यानं दोन्ही झाडं हातात धरलीत त्यालाच उमगतं.

आता तुमच्या लेकीच्या एमपीएससीबद्दल. "हजेरी नको, पुण्यात क्लास लावा" ही बोली आता फार चालते. आई-बापाला वाटतं, पदवी बाजूला मिळत राहील आणि परीक्षा पदरात पडेल. मला याची चीड येते, कारण यात लेकराची चार वर्षं जातात आणि पैसा दोन्हीकडं जातो. महाराष्ट्र कृषी सेवेच्या मुख्य परीक्षेत कृषीचेच विषय आहेत. बँकेच्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या आयबीपीएस परीक्षेतही व्यावसायिक ज्ञानाचा पेपर म्हणजे पदवीचाच अभ्यास. कृषिविद्या, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, उद्यानविद्या, अनुवंशशास्त्र, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण. आठ सत्रांत जे मन लावून शिकायचं, तेच क्लासवाला नोट्सच्या रूपात परत विकतो. पहिली तीन वर्षं वर्गात आणि शेतावर नीट गेलेल्या मुलीला शेवटच्या वर्षात सामान्य अध्ययन आणि सराव एवढंच उरतं.

आणि मुलाखत? तिथं विचारतात, तुमच्या तालुक्यात ऑगस्टमध्ये सोयाबीन पिवळं पडलं, शेतकरी फोन करतोय, काय सांगाल? ज्यानं वावर बघितलं नाही तो लगेच फवारणी सांगतो. बघितलेली मुलगी आधी विचारते, कोवळी पानं पिवळी की सगळं झाड? शिरा हिरव्या आहेत का? कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, रान चुनखडीचं असेल, नुकतंच पाणी साचलेलं असेल, तर लोहाची कमतरता. पानावर हिरवे-पिवळे चट्टे विखुरलेले असतील आणि पांढरी माशी असेल, तर पिवळा मोझॅक. पहिल्याला निचरा आणि फेरस सल्फेट, दुसऱ्याला रोगट झाडं उपटणं आणि माशीचा बंदोबस्त. हे उत्तर पाठ करून येत नाही, मुलाखत घेणारे पुढच्या दोन प्रश्नांत ओळखतात.

अधिकारी होण्याचं स्वप्न चांगलं आहे, पण जाहिरात दरवर्षी नेमानं येईल असं धरून संसार आखता येत नाही. म्हणूनही पदवी खरी पाहिजे. परीक्षा झाली नाही तर हातात काहीतरी उरलं पाहिजे.

महाविद्यालयांचे प्रकार थोडक्यात सांगते, कारण इथंच पालकांची फसगत होते. महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, दापोली आणि आपली परभणी. परभणीचं कृषी महाविद्यालय 1956 चं, विद्यापीठ 18 मे 1972 चं. चौघांचा कारभार 1983 च्या कायद्यानं चालतो आणि वर पुण्याची कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे. विद्यापीठाची स्वतःची ती घटक महाविद्यालयं. तिथं प्राध्यापक विद्यापीठाचे, जमीन विद्यापीठाची आणि बहुतेक ठिकाणी शेजारीच संशोधन केंद्र. बदनापूरला कडधान्यं, अंबाजोगाईला सीताफळ, लातूरला गळीत धान्यं. तुमच्या लेकीला परभणी नाही मिळाली आणि बदनापूर मिळालं, तर उतरती पायरी समजू नका. तुरीचा वाण जिथं जन्मतो त्या रानाशेजारी राहून शिकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. जागा रिकाम्या असतात, प्राध्यापक कमी पडतात, ही तक्रार घटक महाविद्यालयांतही आहे आणि ती खरी आहे. पण शेत, ग्रंथालय आणि वरच्या वर्गातली पदव्युत्तर मुलं यांची भरपाई मोठी असते. एम.एस्सी. करणाऱ्या दादा-ताईंच्या प्रयोगात दुसऱ्या वर्षाची मुलं निरीक्षणं घ्यायला जातात, तिथंच खरं शिक्षण होतं.

संलग्न खासगी महाविद्यालयांची पदवीही विद्यापीठाचीच असते. त्यांत काही फार चांगली आहेत, विशेषतः ज्या संस्था कृषी विज्ञान केंद्र चालवतात किंवा ज्यांचं गावांशी जुनं नातं आहे. काही मात्र इमारत आणि गेटवरच थांबलीत. खासगी महाविद्यालयांना अ, ब, क, ड अशी श्रेणी देण्याची पद्धत आपल्या राज्यात आहे. ती श्रेणी विचारा, आणि तोंडी नको, पत्र दाखवा म्हणा. प्राध्यापकांची यादी मागा. प्रत्येक विभागाला पूर्णवेळ माणूस आहे का, तो आज हजर आहे का, रोगशास्त्र शिकवणारा रोगशास्त्राचाच आहे की एकच सर चार विषय ओढतायत? मोठ्या संस्थेत एका तपासणीपुरते शेजारच्या महाविद्यालयातले चेहरे आणून बसवल्याचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्या दिवशी हजेरीपट भरलेला होता, पुढच्या सोमवारी विभागाला कुलूप.

तिसरी गोष्ट भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएआरची अधिस्वीकृती, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता. ती आणि विद्यापीठाची संलग्नता या दोन वेगळ्या गोष्टी. अधिस्वीकृती ठराविक मुदतीची असते, म्हणून "मिळालेली आहे" एवढ्यावर थांबू नका, कधीपर्यंत आहे ते वाचा. लेकीला पुढं आयसीएआरच्या कोट्यातून दुसऱ्या राज्यात एम.एस्सी. करावंसं वाटलं, शिष्यवृत्ती हवी झाली, तर पदवी कुठल्या संस्थेची हे तिथं बघतात.

पुण्याकडच्या त्या विद्यापीठाला मी नावं ठेवत नाही. पण त्यांच्या माणसाला बसवून तीन प्रश्न विचारा. पदवीवर नेमकं काय छापलेलं असेल, "बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी" की आणखी काही? आयसीएआरची अधिस्वीकृती चालू आहे का? आणि मुलांसाठी शेत किती, कुठं, तिथं जायला गाडी कधी असते? काही ठिकाणी शेत शहराबाहेर लांब असतं आणि मुलं सत्रातून दोन-चारदा सहलीसारखी जाऊन येतात. चार वर्षांची फी, वसतिगृह, मेस, येणं-जाणं असा सगळा हिशोब कागदावर मांडा. जमिनीचा तुकडा विकून शेतीचं शिक्षण घ्यायची वेळ आणू नका, दादा. ते वावर तुमच्या लेकीचीच पुढची प्रयोगशाळा आहे.

फीचं आणखी एक. राज्य सरकारच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कृषी त्यात येतं. अट अशी, की प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला पाहिजे. "आत्ताच प्रवेश घेऊन टाका" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा संस्था स्तरावरची, म्हणजे या फेरीबाहेर महाविद्यालय स्वतः भरतं ती, जागा विकत असतो. त्या जागेवर ही सवलत मिळत नाही. घाईत दिलेली पावती चार वर्षं खिशाला भोक पाडते. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज वेळेत भरा.

घर जवळ की वसतिगृह, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. मी वसतिगृहाच्या बाजूनं आहे. रोज एसटीनं ये-जा करणाऱ्या मुलीचा संध्याकाळचा शेतावरचा तास जातो, ग्रंथालय जातं, आणि रात्री एखाद्या विषयावर मैत्रिणींशी भांडून समजून घेणं जातं. मुलींचं वसतिगृह बघायला तिच्या आईला घेऊन जा. पाणी, स्वच्छतागृह, रात्रीचा दिवा, अधीक्षिका तिथं राहते का, प्रक्षेत्रावरून परत येताना वाट कशी आहे. हे आईला माझ्याहून नीट दिसेल.

चौथ्या वर्षी ग्रामीण कृषी जागरूकता कार्यानुभव असतो. मुलं एका गावाला जोडली जातात, त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. तुम्ही पेपरात फोटो बघितले असतील: बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, मागे बॅनर, पुढं सरपंच. काही महाविद्यालयांत कार्यानुभव त्या फोटोतच संपतो. चांगल्या ठिकाणी मुली गावात राहतात, पेरणीआधीपासून एकाच शेतकऱ्याच्या वावरात जातात, त्याचा खर्च-उत्पन्नाचा ताळा मांडतात, पोळ्याला त्यांच्या घरी जेवतात. म्हणून महाविद्यालयाला विचारा, गेल्या वर्षी कुठली गावं घेतली होती. मग त्यातल्या एका गावात जाऊन पारावर विचारा, पोरी आल्या होत्या का, किती दिवस, काय केलं. गाव खोटं बोलत नाही.

2024-25 पासून आयसीएआरच्या सहाव्या अधिष्ठाता समितीचा अभ्यासक्रम सुरू झालाय. त्यात पहिल्या दोन वर्षांत कौशल्याचे विषय आहेत. कुठली कौशल्यं शिकवणार, हे महाविद्यालय ठरवतं, म्हणून तेही विचारा. अळिंबी, रोपवाटिका, जैविक खतं, मधमाशीपालन यांची नावं सगळेच सांगतील. "दाखवा" म्हणा. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाला आवरणारी उपयोगी बुरशी, तयार करणारी प्रयोगशाळा चालू असेल आणि तिच्या पिशव्या शेतकरी विकत नेत असतील, तर तुमची लेक तिथून एक धंदा शिकून येईल. याच अभ्यासक्रमात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. ती अडचणीत सापडलेल्या लेकरासाठी आहे. कुणी ती सवलत म्हणून विकत असेल तर ऐकू नका.

फक्त "ॲग्री" म्हणजेच शेतीशिक्षण असं नाही. परभणीला अन्नतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, उद्यानविद्या, सामुदायिक विज्ञान आहे. लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे. कृषी अभियांत्रिकीला बारावीत गणित लागतं, म्हणून तुमच्या लेकीला ती वाट नाही. तिला कृषी सेवेत, बँकेत, विस्तारात जायचं असेल तर बी.एस्सी. कृषीच घ्या, सगळ्यांत जास्त दारं तिथून उघडतात. सूक्ष्मदर्शकात रमणारी असेल आणि पुढं एम.एस्सी., पीएच.डी. करायची तयारी असेल, तर लातूरचा विचार करा. मात्र जैवतंत्रज्ञानाच्या पदवीनंतर थांबायचं असेल तर नको.

आता "काही राम आहे का" या प्रश्नाकडं येते. जालन्याकडं बघा. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये तिथं महिको सुरू केली, पुढं आख्खं जालना बियाण्याचं गाव झालं. छत्रपती संभाजीनगर-जालना पट्ट्यातल्या बियाणे कंपन्यांना पैदासकार, बीजोत्पादन बघणारे, गुणवत्ता तपासणारे, शेतकऱ्यांत फिरणारे लोक लागतात. ठिबकवाल्यांना लागतात, पीकविमा कंपन्यांना लागतात, शेतकरी उत्पादक कंपन्यांना तर नीट हिशोब कळणारा कृषी पदवीधर मिळत नाही म्हणून ओरड आहे. परभणीला विद्यापीठात ड्रोन, यंत्रमानव, डिजिटल शेतीचा मोठा प्रकल्प झाला, त्यातून वेगळीच मुलं तयार होतायत. यांत मुलींना घेत नाहीत हा समज आता सोडा. फिरतीच्या कामाला कंपन्या अजून कचरतात, हे खरं आहे आणि चुकीचं आहे. पण प्रयोगशाळा, बीजोत्पादन, बँक, कृषी विभाग इथं मुली पुढं आहेत.

स्वतःचं काही करायचं असेल तर कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्रांची केंद्राची योजना 2002 पासून चालू आहे. 45 दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण, मग बँकेचं कर्ज, त्यावर अनुदान. सर्वसाधारण गटाला 36 टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 44 टक्के. तुमच्या गावात खत-औषधाचं दुकान चालवणारी कृषी पदवीधर मुलगी उभी राहिली, आणि बाटली देण्याआधी रोगट पान मागून बघायला लागली, तर तालुक्यातली निम्मी विनाकारणची फवारणी थांबेल. मला हे मनापासून वाटतं.

पर्याय भरताना दोनच गोष्टी सांभाळा. जे खरंच हवं त्याच क्रमानं भरा, "इथं लागणारच नाही" म्हणून चांगलं महाविद्यालय खाली ढकलू नका. क्रम वरचा दिल्यानं खालच्या महाविद्यालयातला हक्क जात नाही. आणि जिथं पाठवायचंच नाही असं एकही नाव यादीत टाकू नका. पहिल्या फेरीत निराशा झाली तरी धीर धरा, मुलं वैद्यकीयला, अभियांत्रिकीला निघून जातात आणि पुढच्या फेऱ्यांत जागा हलतात. दुसऱ्या राज्याची हौस असेल तर कृषी विद्यापीठांतल्या 20 टक्के जागा आयसीएआरकडून सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर भरतात. लुधियाना, कोइमतूर, बंगळुरू अशी नावाजलेली विद्यापीठं त्यातून मिळू शकतात. घरात धाकटं कुणी असेल तर त्याच्यासाठी हे लक्षात ठेवा.

कागदपत्रं आजच काढायला घ्या. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना गुणांचा अधिभार आहे, त्यासाठी सातबारा आणि तहसीलचा दाखला लागतो. सातबारा आजोबांच्या नावावर असेल तर नात्याचा पुरावा कोणत्या नमुन्यात द्यायचा ते प्रवेश पुस्तिकेत बघून घ्या, ऐनवेळी तलाठ्याला शोधत फिरू नका. जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर प्रलंबित असेल तर पावती जपून ठेवा.

फेरी लागायच्या आधी एक दिवस काढा आणि लेकीला घेऊन परभणी आणि बदनापूर दोन्हीकडं जाऊन या. मागच्या बाकावर बसवून नेऊ नका. प्रश्न तिलाच विचारू द्या.